सोबत कोण आहे? : इंदूरच्या मराठी मंडळांना खुलं पत्र

इंदूर, मे २०२५

इंदूर शहरातील सर्व मराठी मंडळं, समाज, न्यास आणि गणेशोत्सव समित्या यांच्या पदाधिकाऱ्यांना,

स. न. वि. वि.

गेल्या पंधरा दिवसांत माझ्या फोनवर अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीचे सहा निरोप आले. कुठे व्याख्यान आहे, कुठे पोवाडे, कुठे लहान मुलींची वेशभूषा. ३१ मेच्या कार्यक्रमाला मी येणार आहे, दरवर्षी येते. पण त्याआधी आपल्यापुढे एक गोष्ट मांडायची आहे. कार्यक्रमाच्या गर्दीत ती नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

जूनमध्ये निकाल लागतात. रावेर, मुक्ताईनगर, बऱ्हाणपूर, खंडवा या पट्ट्यातली मुलंमुली हातात पदवी घेऊन इच्छापूर रस्त्यानं इंदूरची बस धरतात. मोरटक्क्याच्या पुलावर बसमधल्या बाया नर्मदेला नाणं टाकतात, मग भेरूघाट चढला की इंदूर जवळ आलं. आमच्या भागाला पुण्यापेक्षा इंदूर जवळचं, आणि स्वस्तही. कोणी भंवरकुआंला क्लास लावायला येतं, कोणी सांवेर रोडच्या औषध कारखान्यांत, कोणी पीथमपूरला, कोणी विजयनगरच्या ऑफिसांत. बहुतेकांचा इथे कोणी ना कोणी असतो. मामा असतो, आत्या असते, आईच्या माहेरच्या गावचं कोणीतरी असतं. काहींचं कोणीच नसतं. २०१८ च्या जूनमध्ये मी त्या काहींपैकी होते.

रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले होते. घरी लग्न ठरवायचं चाललं होतं, मला नोकरी करायची होती. बाबा म्हणाले, गेलीस तर या घराकडून काही मागायचं नाही. मी मागितलं नाही. आता सात वर्षांनी बोलणंचालणं आहे, आणि हे पत्र त्यांच्याबद्दल नाही. शिकवण्या घेऊन साठवलेले ९,६०० रुपये घेऊन मी सरवटे बस स्थानकावर उतरले. त्या पाटीवरचं नाव वाचून बरं वाटलं होतं. वि. सी. सरवटे संविधान सभेत बसलेले इंदूरचे मराठी गृहस्थ, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा इतकंच वाटलं की आपल्यातलं आडनाव आहे, म्हणजे आपण अगदीच परक्या गावात आलो नाही.

मुलींच्या एका होस्टेलात दिवसाला १५० रुपये देऊन तिघींच्या खोलीत चौथी म्हणून राहिले आणि खोली शोधायला लागले. अकरा दिवस. रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर. मराठी घरंच बघत होते, कारण तिथे आपलं म्हणणं समजावून सांगावं लागणार नाही असा विश्वास होता. आणि खरंच, दारात ‘नमस्कार काकू’ म्हटलं की चेहरे खुलायचे. आत बोलावलं जायचं. पाणी, चहा, एका घरी तर गरम पोहे. रावेर म्हणजे केळीचं का, तिकडे आता ऊन किती, सगळी चौकशी व्हायची. मग प्रश्न यायचा : ‘सोबत कोण आहे?’

कोणी नाही म्हटलं की खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली असायची, किंवा पुढच्या महिन्यात भाचा यायचा असायचा, किंवा रंगकाम काढायचं असायचं. चौदा घरं झाली. कोणीही माझ्याशी वाईट वागलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते. नारायणबागेतल्या एका आजींनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘बाळा, तुझे वडील एकदा येऊन भेटून जाऊ देत, मी आजच किल्ली काढून ठेवते.’ किल्ली खुंटीवर दिसत होती. सुतळीत ओवलेली, पितळेची, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ‘वरची’ असं लिहिलेली. मी त्यांना काय सांगणार होते? वडील येणार नाहीत हे सांगितलं असतं तर त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय आलं असतं, ते मला त्या वयातही कळत होतं. उद्या फोन करते म्हणून उठले.

शेवटी खोली दिली ती एका सिंधी आजींनी. आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, कारखान्याचं नेमणुकीचं पत्र दोनदा वाचलं, पोलीस थाण्यात द्यायचा किरायेदाराचा फॉर्म समोर बसवून भरून घेतला आणि विचारलं, ‘खाना क्या बनाएगी?’ त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण आपल्या माणसांची चौदा दारं मला उघडली नाहीत ही गोष्ट सात वर्षं मनात आहे, आणि ती आपल्याच माणसांना सांगितली पाहिजे असं वाटतं.

पैशाचंही सांगते, कारण घरच्यांचा आधार म्हणजे काय ते मला तेव्हा हिशोबातून कळलं. होस्टेलचे १,६५० गेले. खोलीचा किराया ३,५००. एक महिना आगाऊ आणि एक महिना डिपॉझिट मिळून ७,०००. उरले ९५०. दलाल नव्हता म्हणून निभावलं, नाहीतर अर्धा महिना त्याचा. २ जुलैला कामावर रुजू झाले, आणि आमच्याकडे पगार पुढच्या महिन्याच्या १० तारखेला होतो. म्हणजे ९५० रुपयांत चाळीस दिवस. ज्यांच्या पाठीशी घर असतं त्यांना हे चाळीस दिवस दिसतही नाहीत. वडिलांनी पाठवलेल्या पाच-दहा हजारांत ते झाकले जातात. माझ्याबरोबर रुजू झालेला एक मुलगा, धारकडचा, हुशार, याच चाळीस दिवसांत नोकरी सोडून परत गेला. त्याला काम जमत नव्हतं असं पुढे कोणीतरी म्हणालं. काम उत्तम जमत होतं, रात्री जेवायला पैसे नव्हते.

मी टिकले ते लोकमान्य नगरातल्या एका डबेवाल्या काकूंमुळे. दोन वेळचा डबा महिन्याला १,८०० रुपये. त्यांना म्हटलं, आत्ता फक्त तीनशे आहेत. त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं, पुढे तीनशे लिहिले आणि म्हणाल्या, ‘बाकीचे पगार झाला की दे, डबा उद्यापासून.’ एवढंच. कुठली, कोणाची, काही विचारलं नाही.

याच काकूंची आणखी एक आठवण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रात्री एकच्या सुमारास माझ्या पोटात असह्य दुखायला लागलं. बरोबरची मुलगी राखीला गावी गेली होती. रिक्षा करून जवळच्या एका खाजगी दवाखान्यात पोहोचले. अपेंडिक्स, लगेच ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. काउंटरवरच्या माणसानं फॉर्म पुढे केला : मरीज का नाम, उम्र, रिश्तेदार के हस्ताक्षर, मरीज से संबंध. मी म्हटलं, मीच सही करते. तो म्हणाला, घरवालों को बुलाइए. कायद्यानं सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची संमती हीच खरी संमती, सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्येच हे स्पष्ट केलेलं आहे. त्या रात्री मला हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी भिंतीला टेकून कण्हणाऱ्या मुलीनं काउंटरवर कायदा काय सांगायचा? मी काकूंना फोन लावला.

वीस मिनिटांत त्या आणि काका स्कूटरवर पावसात भिजत आले. साडीचा पदर पिळून त्यांनी हात पुसले, पेन घेतलं. पेन उठेना, तळहातावर दोनदा घासलं. ‘संबंध’ या रकान्यापाशी थोडं थांबल्या आणि लिहिलं : मावशी. तो माणूस म्हणाला, हिंदी में लिखिए. त्यांनी तेच खोडून शेजारी लिहिलं : मौसी. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘तू जा गं आत, मी आहे इथे.’ त्यांचं पूर्ण नाव मला त्या सहीवरून पहिल्यांदा कळलं. तीन वर्षं मी त्यांच्या हातचं जेवत होते.

आपल्या मंडळांकडे मी मागते आहे ते यापेक्षा वेगळं काही नाही. फोनवर ‘मी आहे’ म्हणणारं कोणीतरी. मला ते नशिबानं मिळालं. सरवटेवर उतरणाऱ्या प्रत्येकाला नशिबानं मिळेल असं नाही, म्हणून ते मंडळानं ठरवून द्यावं.

सरकारी कागदांची मांडणीही घर गृहीत धरूनच केलेली आहे. आधारवरचा पत्ता २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं बदलता येतो, चांगली सोय आहे, पण ज्याचा कुटुंबप्रमुखच रागावलेला आहे त्यानं काय करायचं? भाडेकरार दाखवायचा तर पुष्कळ मालक करार करतच नाहीत. पत्त्याचा पुरावा नसला की बँक, गॅस, सगळं अडतं. (गॅसचं एक सांगून ठेवते, नव्यानं आलेल्यांपर्यंत पोहोचवा : ५ किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. मला हे सहा महिन्यांनी कळलं, तोवर मी इलेक्ट्रिक शेगडीवर भात करायचे आणि मीटरकडे बघत बसायचे.) आणि इथली समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक, तर आपल्याला माहीत आहेच. परिवाराचा आठ अंकी क्रमांक, त्याखाली प्रत्येक सदस्याचा नऊ अंकी. मी करायला गेले तेव्हा खिडकीतल्या मुलानं विचारलं, ‘मुखिया कौन?’ मी म्हटलं, मीच. ‘और सदस्य?’ तेही मीच. त्यानं एकदा वर बघितलं आणि टाइप केलं. छापील कागद हातात आला : मुखिया, माझं नाव, सदस्य संख्या, १. मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि बाहेर येऊन बराच वेळ पायरीवर बसले होते. वाईट वाटलं की बरं वाटलं, अजून सांगता येत नाही. पण शासनाच्या दप्तरात मी एक घर आहे. आपल्या मंडळाच्या यादीत ‘सहकुटुंब’ सोडून माझ्यासाठी कुठला रकाना आहे का, तेवढं बघा.

आता मालकांची बाजू. ती मला माहीत आहे, कारण गेली चार वर्षं मी लोकमान्य नगरात एका मराठी घरी राहते, काकूंच्या शब्दावर मिळालेल्या खोलीत, आणि मालक-काकांशी रोज बोलणं होतं. भाडेकरू खोली खाली करणार नाही ही भीती असते. एकदा कोणीतरी तीन महिन्यांचं विजेचं बिल ठेवून रातोरात गेलेलं असतं. उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर पोलीस आपल्या दारात, हीही असते, आणि तीच सगळ्यांत मोठी. या भीतीला मी खोटं म्हणत नाही. पण ‘वडील भेटून जाऊ देत’ हे त्यावरचं उत्तर होत नाही. बिल ठेवून गेलेल्याचेही वडील भेटून गेले होते, काकांनीच सांगितलं. अकरा महिन्यांचा लेखी करार, थाण्यात नोंद, कामाच्या ठिकाणी एक फोन, यांतून जी खात्री होते ती वडिलांच्या चहातून होत नाही.

आणि दुसरीकडे आमच्या गल्लीत बघा. चार घरांचे वरचे मजले बंद आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, एक टोरांटोला. खाली दोघं म्हातारी माणसं, वर कुलूप आणि गाद्यांवर चादरी. जोशीवाड्यासारखी भरलेली घरं होती ही, काका सांगतात, आता संध्याकाळी दिवा लावायला सोबत नाही. गेल्या पावसाळ्यात समोरच्या आजोबांना रात्री दम लागला तेव्हा इन्हेलर आणायला मीच धावले होते. त्या घराचा वरचा मजला आजही बंद आहे.

प्रत्येक मंडळानं एक वही ठेवावी, एवढंच मागणं आहे. सभासदांपैकी कोणाकडे खोली रिकामी आहे आणि एकट्या मुलाला किंवा मुलीला द्यायची तयारी आहे, ते त्यात लिहावं. आलेल्या मुलामुलीला मंडळाच्या दोघा-तिघांनी भेटावं, कागद बघावेत, कामाच्या जागी चौकशी करावी, आणि पटलं तर मालकाला सांगावं की आम्ही यांना ओळखतो. वडिलांच्या जागी मंडळाचा शब्द. शब्द चुकला तर मध्ये पडून बोलायलाही मंडळ असेलच. त्या वहीत मागच्या पानावर पाच-सहा घरांचे फोन असावेत, ज्यांना रात्री-अपरात्री उठवलेलं चालेल. सगळ्यांना चालणार नाही, पाच घरांना चालेल.

आणि एक अनामत निधी. गणपतीच्या वर्गणीतून किंवा कशातूनही, आपल्याला सुचेल तसा. खोलीची डिपॉझिट मंडळानं भरायची, मुलानं पगारातून दहा महिन्यांत फेडायची. दान नको. मी दान घेतलं नसतं, आणि माझ्यासारखी येणारी बहुतेक मुलं घेणार नाहीत. उधार घेतलं असतं, आणि पै न पै फेडली असती. काकूंच्या वहीतलं माझं नाव ११ ऑगस्टलाच खोडलं गेलं.

सरकारची वसतिगृहं आहेत, नोकरदार स्त्रियांसाठी ‘सखी निवास’ची योजना आहे, तिथे जागा मिळाली तर उत्तमच. पण जागा मिळेपर्यंत रात्र कुठे काढायची हा प्रश्न उरतो, आणि मुलग्यांना तर तीही वाट नाही. मुलग्यांचं मुद्दाम लिहिते. एकट्या मुलीला निदान चहा मिळतो, एकट्या मुलाला फाटकातूनच परत पाठवतात. आमच्या लॅबमधला अंजनगावचा एक मुलगा पहिले तीन आठवडे कारखान्याच्या चौकीदाराच्या खोलीत झोपला. आईवडील दोघंही करोनात गेलेले. त्याला ‘घरी कोण कोण असतं’ असं विचारल्यावर तो काय उत्तर देत असेल, याचा विचार वही उघडताना नक्की करा.

एक गोष्ट लिहायला जड जाते, तरी लिहिते. त्या चौदा घरांपैकी पाच घरांत ‘सोबत कोण’च्या आधी माझं आडनाव विचारलं होतं, आणि आडनाव कळल्यावर दोन घरांत चहाचा कप अर्धवट राहिला. वही करायची असेल तर त्यात आडनावावरून खोली नाकारायची नाही, हे पहिल्या पानावर लिहा. ते लिहिणार नसाल तर वही न केलेली बरी, कारण ज्यांना तिची सगळ्यांत जास्त गरज आहे तेच तिच्याबाहेर राहतील.

हे सगळं मंडळाचं काम नव्हे, आपण सांस्कृतिक संस्था आहोत, असं कोणी म्हणेल. आपण नाटकं आणता, गाणी ठेवता, मराठी वर्ग चालवता, आणि मी त्यावर सात वर्षं जगले आहे. पहिल्या वर्षी दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला शेवटच्या रांगेत बसून मी रडले होते, कारण चार महिन्यांनी एवढी मराठी एकदम कानावर पडली होती. पण या शहरात मराठी माणूस आला कसा, तेही आठवून बघा. मल्हारराव होळकर होळ गावचे. वडील गेले तेव्हा अगदी लहान होते. आईनं पोराला घेऊन खानदेश गाठला, तळोद्याला भावाकडे. त्या मामांनी, भोजराज बारगळांनी, भाच्याला ठेवून घेतलं, वाढवलं, घोड्यावर बसवलं, पुढे आपली मुलगी दिली. माळवा, होळकरशाही, चौंडीहून सून म्हणून आलेल्या अहिल्यादेवी, हे त्याच्या पुढचं सगळं. ३१ तारखेला आपण ज्यांची तीनशेवी जयंती करणार आहोत त्यांच्या घराण्याच्या मुळाशी खानदेशातल्या एका मामानं उघडलेलं दार आहे. खानदेशातून आजही मुलं येतात, फक्त उलट्या दिशेनं, आणि त्यांना इथे मामा नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बहुतेक मंडळांच्या कार्यकारिणीच्या बैठका होतात. गणपतीचा विषय निघायच्या आधी हा एक विषय घ्यावा. बोलावलंत तर मी येईन, रविवारी मला सुट्टी असते. वही मी आणीन, नोंदी ठेवायचं काम मी करीन, मुलांना भेटायला आणि थाण्यात नोंद करायला बरोबर जाईन. मालक-काकांना मी विचारलं आहे. त्यांच्या घरची मागची खोली, स्वतंत्र नळ आणि दार असलेली, १५ जूनपासून रिकामी होते आहे. पहिली नोंद तिची करावी, असं ते म्हणाले.

आपली नम्र,
एक भाडेकरू, लोकमान्य नगर